हजेरीचं पान

रविवार, जानेवारीतला तिसरा. वेळ : सकाळी साडेदहा. ठिकाण : कर्वेनगर, नणंदेच्या फ्लॅटची गॅलरी. उपस्थित : नणंद, नणंदेचे यजमान, नणंदेचे सासरे आणि मी. कामकाज : तीन किलो मटार सोलणे. खुलासा : मटार मी आणले आहेत, त्यामुळे ते गोड आहेत हे माझं मत कुणी जमेस धरू नये.

यातला खुलासा सोडला तर बाकी सगळं माझ्या सवयीचं आहे. मला याद्या लागतात. वाण्याची, औषधांची, पाहुण्यांची, कुणाकुणाचे डबे परत करायचे राहिलेत त्यांची. पण नोंदीच्या शेवटी खुलासा लिहायची खोड मला नणंदेच्या सासऱ्यांनी लावली. नणंद त्यांना आबा म्हणते म्हणून मीही आबा म्हणते, आणि ती मला वहिनी म्हणते म्हणून तेही मला वहिनी म्हणतात. ऐंशी ओलांडलेले, शिडशिडीत, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, एक चालणारं आणि एक ते बंद पडलं तर. आबांइतका उघड माणूस पुण्यात आजवर झालेला नाही, आणि या शहराचा स्वभाव पाहता पुढे होईल अशी लक्षणंही दिसत नाहीत.

उघड म्हणजे बडबडे, असं कुणी समजू नये. आबा दिवसाकाठी मोजकंच बोलतात. पण कुठलंही मत देण्याआधी ते मत कशावर उभं आहे ते सांगून टाकतात, आणि ते ऐकल्यावर मत ऐकायची गरज उरत नाही. एकदा माझे गुडघे दुखत होते तेव्हा त्यांनी एक डॉक्टर सुचवला. म्हणाले, “हा माणूस उत्तम आहे. पण त्याचे वडील आणि मी शाळेत एका बाकावर होतो, तो माझ्याकडून फी घेत नाही, आणि माझे गुडघे अजून दुखतात. आता आपण ठरवा.” त्या डॉक्टरांनी म्हणे पुढे आबांना हात जोडून विनंती केली की काका, माझी शिफारस करणं तेवढं थांबवा. भाच्याच्या लग्नाच्या बोलणीत मुलीच्या वडिलांनी सहज विचारलं, मुलगा कसा आहे? आबा म्हणाले, “गुणी आहे. पण मी त्याचा सख्खा मामा आहे, आणि लग्न होऊन तो वेगळा राहायला गेला की त्याची खोली मला मिळणार आहे.” सगळ्या बैठकीला घाम फुटला. मुलीचे वडील मात्र बराच वेळ हसले आणि तिथल्या तिथे होकार देऊन गेले. ज्या घरात असा मामा आहे त्या घरात आपल्यापासून काही लपून राहणार नाही, असा त्यांचा हिशेब होता, आणि तो बरोबर ठरला. सोसायटीच्या सभेत टाकीला कुठल्या रंगाऱ्याकडून रंग द्यायचा यावर मतदान आलं, तर आबांनी हात वर करून जाहीर केलं, “मी मत देणार नाही. यातला एक रंगारी गेले दोन दिवस आमच्याकडे चहा पितोय.” सचिव वैतागून म्हणाले, “अहो आबा, चहाने काय होतं?” आबा म्हणाले, “मलाही तेच वाटत होतं. पण काल त्याचा रंग मला जरा जास्तच आवडायला लागला.”

माझ्याकडे जेवायला आले की पहिला घास घेऊन म्हणतात, “उपमा छान झालाय. पण मी सकाळपासून उपाशी आहे, हे लक्षात घ्या.” इतक्या वर्षांत त्यांच्याकडून एक निखळ कौतुक मला मिळालेलं नाही. नणंदेला तर लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत ते म्हणाले होते, “तुझ्या चकल्या माझ्या बायकोपेक्षा सरस आहेत. मात्र ती माझ्यावर सध्या रागावलेली आहे.” नणंद सांगते की त्या वाक्याने तिचं आणि सासूबाईंचं जे एकदा जमलं ते जमलंच.

माझं काम थोडक्यात सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमची एक लहानशी अभ्यास संस्था आहे. दोन मित्रदेशांची सरकारं एकमेकांशी बोलतात ती बोलतातच. पण त्याआधी काही निवृत्त अधिकारी, प्राध्यापक, उद्योगातली माणसं एका टेबलाशी बसतात, मोकळेपणाने बोलतात, आणि सरकारांनी काय करावं याच्या शिफारशी लिहून देतात. अशा बैठका भरवणं हे संस्थेचं काम आणि त्यांचं सगळं कार्यालय सांभाळणं हे माझं. कुणाला विमानतळावर कोण आणणार, कुणाला दूध चालत नाही, कुणाशेजारी कुणाला बसवायचं नाही, अशा माझ्या याद्या असतात. या बैठकांचा एक नियम असतो : खोलीत कोण काय म्हणालं ते बाहेर सांगायचं नाही. माणसं मोकळी बोलावीत म्हणून. नियम चांगला आहे, मीही तो मनापासून पाळत आले. फक्त वर्षानुवर्षं तो पाळता पाळता कोण काय म्हणालं याबरोबर कोण होतं, कुणाच्या खर्चाने आलं होतं, हेही आम्ही झाकायला लागलो, आणि ते कधीपासून ते कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.

आमच्याकडच्या टिपणं घेणाऱ्या बाई मुलीकडे परदेशी गेल्या तेव्हा मी आबांचं नाव सुचवलं. अक्षर मोत्यासारखं, मराठी-इंग्रजी दोन्ही पक्कं, आणि मुख्य म्हणजे तोंड बंद ठेवायची सवय. खडकीच्या बाजूला संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं नोकरी केली होती आणि तिथे ते काय करायचे हे त्यांनी घरात कुणालाही सांगितलेलं नव्हतं. आमच्या अध्यक्षांनी, म्हणजे सरांनी, त्यांना भेटायला बोलावलं. सर जुने सनदी अधिकारी, मृदू बोलणारे. आबा समोर बसले आणि म्हणाले, “मी यांच्या नणंदेचा सासरा. यांनी मला सुचवलं ते नात्यातून.”

“बरं. आणि अनुभव?”

“तो नंतर सांगतो. आधी हे लिहून घ्या.”

सर माझ्याकडे बघून हसले आणि आबांना ठेवून घेतलं. त्या हसण्याचा त्यांना पुढे पश्चात्ताप झाला असावा.

त्या वर्षीचा विषय फळं-भाजीपाल्याचा होता : शेतातून बाजारापर्यंत माल कसा साठवायचा, कसा हाताळायचा. समुद्रापलीकडच्या एका मित्रदेशातून पाच पाहुणे आले होते. त्यांच्या प्रमुख एक पांढऱ्या केसांच्या, काटक बाई होत्या. आपल्या बाजूने सात जण. मी पाण्याच्या बाटल्या मोजत होते तेवढ्यात आबा वही घेऊन उभे राहिले आणि हजेरी घेऊ लागले. नुसती नावं नाहीत. नाव, हुद्दा, कुणी पाठवलं, तिकीट कुणी काढलं, आणि इथे जे ठरेल त्यातून आपल्याला काही मिळणार आहे का. आबांचं इंग्रजी कारखान्यातलं, क्रियापदं कमी आणि मुद्दा स्पष्ट, त्यामुळे गैरसमजाला जागा नव्हती. सरांचा चहाचा कप वाटेतच थांबला. पाहुण्या बाईंनी मात्र चष्मा काढला, आणि शाळेतल्या हुशार मुलीसारखी एकामागून एक पाचही उत्तरं दिली. मग आपल्या बाजूच्या प्राध्यापकांची पाळी आली.

“अहो, मी इथलाच आहे. रिक्षाने आलो,” ते म्हणाले.

“रिक्षा कुणाच्या खर्चाने?”

“संस्थेच्या.”

“लिहितो.”

“रिक्षा लिहिणार?”

“पाहुण्यांचं विमान लिहिलंय. आपल्यालाही मान द्यायला हवा.”

पाहुण्यांतला पाचवा गृहस्थ कोपऱ्यात बसला होता. माझ्या यादीत त्याच्यापुढे ‘निरीक्षक’ एवढंच लिहिलेलं होतं. तो म्हणाला, मी फक्त ऐकायला आलोय. आबांनी विचारलं, “ऐकायला कुणी पाठवलं?” त्याने सरळपणे एका कंपनीचं नाव सांगितलं. फळं निवडणारी आणि पेट्या वाहून नेणारी यंत्रं बनवणारी कंपनी. आबांनी तेही लिहिलं, आणि मग सगळ्यांकडे एकदा नजर फिरवून खाली आणखी एक ओळ घातली. ती मी नंतर वाचली : ‘अनुपस्थित, न बोलावल्यामुळे : मार्केट यार्डातले हमाल.’

दोन दिवस बैठक उत्तम झाली. माणसं खरोखर मोकळी बोलली, आणि आबांनी त्यातल्या एकाही वाक्यापुढे कुणाचं नाव लिहिलं नाही. अहवाल तयार झाला. त्यातली तिसरी शिफारस अशी होती की मोठ्या घाऊक बाजारांत माल वाहायला यंत्रं आणावीत, आणि सुरुवात पुण्यातून करावी. अहवालाचं पहिलं पान म्हणून आबांनी त्यांचं हजेरीचं पान लावलं होतं, स्वच्छ, हाताने लिहिलेलं.

सरांनी मला आत बोलावलं. पान त्यांच्यापुढे होतं. “हे काय आहे?”

“हजेरी आहे, सर.”

“उद्या कुणी म्हणेल, परदेशी खर्चाने शिफारस लिहून घेतली. शिफारस वाईट आहे का?”

“नाही, सर. चांगली आहे.”

“मग चांगल्या कामाला आपणच कशाला संशय चिकटवायचा? पाहुण्यांनाही अवघड होईल. मित्र आहेत ते आपले.”

सर वाईट माणूस नाहीत. त्यांचं म्हणणं मला त्या वेळी पटलं, आणि खरं सांगायचं तर पटण्यापूर्वीच मी पुढचं ठरवूनही टाकलं होतं. पान काढलं, पृष्ठक्रमांक बदलले, फाइल छापखान्यात पाठवली, मूळ कागद खणात ठेवला. चार मिनिटं लागली असतील. त्या दिवशीच्या यादीत नोंद आहे : ‘अहवाल, पहिलं पान काढणे.’ पुढे बरोबरची खूण. मला खुणा करायला आवडतं.

छापील प्रत आली तेव्हा आबांनी ती आमच्या कार्यालयात उभ्या उभ्या चाळली. “वहिनी, एक पान कमी आहे.”

मी संगणकावरून नजर न काढता म्हणाले, “छापखान्यात राहिलं असेल.”

“बरं,” आबा म्हणाले, आणि छत्री घेऊन निघून गेले.

दुसरा कुणी असता तर त्याने माझा चेहरा वाचला असता. आबा दोन बस बदलून छापखान्यात गेले. बिचाऱ्या छापखान्याच्या मालकावर विनाकारण आळ येऊ नये, त्याची बाजूही ऐकावी, म्हणून. त्याने मी पाठवलेली फाइल उघडून दाखवली. दुपारी आबा परत आले, माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले, रुमालाने कपाळ पुसलं. मी वाट बघत होते. रागावले असते तर माझ्याकडे उत्तर तयार होतं. ते म्हणाले, “छापखानेवाले भले गृहस्थ आहेत. चहा दिला मला. तेव्हा त्यांच्याबद्दलचं माझं मत जपून घ्या.” आणि मग, मी काही विचारलं नव्हतं तरी, त्यांनी मला कारखान्यातलं त्यांचं काम सांगितलं.

आबा चौतीस वर्षं लाकडी पेट्यांच्या दुरुस्तीची नोंदवही ठेवायचे. रिकाम्या पेट्या. कुठल्या पेटीची फळी फुटली, कुठल्या पेटीची बिजागरी बदलली, एवढंच. नोकरीला लागताना त्यांनी गुप्ततेच्या कागदावर सही केली होती, आणि तरुण वयात ती सही त्यांना इतकी मोठी वाटली की त्यांनी तिच्याखाली सगळं झाकून टाकलं. रोज संध्याकाळी बायको विचारायची, आज काय केलंत? हे म्हणायचे, काम. तिने मनाशी ठरवून टाकलं की नवरा काहीतरी भयंकर मोठं बनवतो. ती चाळीत अभिमानाने सांगायची, यांचं काम बोलण्यासारखं नाही. मुलाला म्हणायची, बाबा दमून येतात, डोक्यावर केवढं ओझं असतं त्यांच्या. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी आबांचे कागद परत करताना सहज म्हटलं, तुमच्या कामात गुप्त असं काय होतं हो, दोन नकाशे होते पेट्यांचे, तेही आता जुने झाले. आबा घरी आले ते आज सांगायचंच असं ठरवून. “ती देवापुढे पेढे ठेवत होती,” आबा म्हणाले. “म्हणाली, सुटलात एकदाचे त्या ओझ्यातून. मग माझ्याने सांगवेना. पुढे सांगू, पुढे सांगू, असं करत राहिलो. आणि ती गेली.” त्यांनी माझ्या टेबलावरच्या टाचण्यांच्या डबीची उघडझाप केली. “झाकायचे होते दोन कागद, वहिनी. मी आख्खा माणूस झाकला. ती चौतीस वर्षं दुसऱ्याच कुणाबरोबर राहिली.”

मी खणातून पान काढून त्यांच्यासमोर ठेवलं. माझ्या तोंडून माफीचा शब्द निघायच्या आत त्यांनी खिशातलं चालणारं पेन काढलं आणि पानाच्या तळाशी एक ओळ लिहिली : ‘हे पान मूळ अहवालातून वगळले. वगळणाऱ्याचे नाव :’ आणि पुढे जागा सोडली.

“तुम्हाला ठाऊक आहे ना नाव?” मी म्हणाले. “लिहा की.”

“मी लिहिलं तर ती तक्रार होईल,” आबा म्हणाले. “आपण लिहिलंत तर ती नोंद.”

पान पुन्हा माझ्या खणात गेलं.

पुढे जे झालं ते आबांच्या आयुष्याला शोभेल असंच झालं. काही महिन्यांनी पाहुण्या बाईंचं पत्र आलं, आभाराचं, आणि सोबत त्यांच्या देशातल्या एका सरकारी नोंदवहीचा दुवा. परदेशांशी होणाऱ्या अशा बैठका तिकडे जाहीर कराव्या लागतात म्हणे, तसा कायदाच आहे. मी तो दुवा उघडला आणि खुर्चीत मागे टेकले. सगळं होतं. पाच पाहुणे, त्यांची तिकिटं, पाचव्या गृहस्थाची कंपनी आणि तिची यंत्रं. आपल्या बाजूचे सातही जण. नोंदकार म्हणून आबा. समन्वयक म्हणून मी, माझ्या पूर्ण नावाने, आडनावाचं स्पेलिंगही बरोबर. पाहुण्यांना अवघड होऊ नये म्हणून जे आम्ही पुण्यात झाकलं ते पाहुण्यांनी आपल्या गावी जाऊन चव्हाट्यावर मांडलं होतं. रिक्षासुद्धा होती.

सरांनी ते शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाले, “तिकडे आहेच ना आता? मग इकडे वेगळं कशाला?”

आबा कोपऱ्यात होते. “तिकडच्या लोकांना कळलं, आपल्या बाजाराबद्दल कोण बोललं ते. आपल्या बाजारातल्या माणसाने ते वाचायला आधी तिकडची भाषा शिकायची का?”

“आबा, आपण फार ताणता.”

“ताणतो. आणि त्यात माझा संबंध आहे, तोही सांगतो. मी एका माणसाला शब्द देऊन बसलोय.”

तो माणूस म्हणजे मार्केट यार्डातल्या हमालांच्या एका टोळीचा मुकादम. आबा अहवालाची प्रत घेऊन स्वतःच त्याला भेटून आले होते. ‘अनुपस्थित’ म्हणून आपण ज्यांची नोंद केली त्यांना आपण अनुपस्थित होतो हे निदान कळवायला तरी हवं, असा त्यांचा विचार. त्यानंतर एकदा मीही त्यांच्यासोबत गेले होते. कांद्याच्या गोण्यांना टेकून मुकादमाने चहा मागवला, अहवालातली तिसरी शिफारस आबांकडून पुन्हा वाचून घेतली आणि विचारलं, “आबा, यंत्र यावं का न यावं, ते मागनं बघू. पाठीची हाडं मोडून घ्यायची हौस आम्हाला बी न्हाई. पर हे लिवलं कुणी? खोलीत कोण कोण व्हतं? ते कळल्याबिगर आम्ही बोलायचं कुनाला?” आबा म्हणाले, पान आहे, ते आलं की आणून देतो. आणि माझ्याकडे बघितलंही नाही, हे त्यांचं सौजन्य.

सरांनी शेवटी हात टेकले. म्हणाले, “लावा ते पान आपल्या संकेतस्थळावर. पण लावायचं तर जसं आहे तसं लावा, अर्धवट नको.” म्हणजे आता अध्यक्षांची हरकत नाही, पाहुण्यांची कधीच नव्हती. उरली एक रिकामी जागा. ती तशीच ठेवून पान लावू का, असं मी आबांना विचारून पाहिलं. ते म्हणाले, “अपुरी नोंद लावण्यापेक्षा न लावलेली बरी. निदान नोंद नाही हे लोकांना कळतं.”

या गोष्टीला आता वर्ष होईल. मी इतर सगळी कामं वेळेवर करते. पण त्या जागी नाव लिहून पान लावणं हे माझ्या यादीतलं सातवं काम, आणि त्यापुढे खूण करायची म्हटलं की मला मध्येच दुसरं काहीतरी आठवतं. आपण कोण असे मोठे आहोत की आपलं नाव लिहावं, असं मी स्वतःला सांगते. साधं कार्यालयीन काम होतं, सांगितलं ते केलं. मग मला लाकडी पेट्या आठवतात. दर रविवारी मी इथे येते आणि दर रविवारी आबा सहज आवाजात विचारायचे, “वहिनी, यादीतलं सातवं काम झालं का?” मी म्हणायचे, या आठवड्यात. ते म्हणायचे, “बरं.” त्या ‘बरं’मध्ये कधी टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

दरम्यान संबंधित खात्याने त्या शिफारशीवर लोकांच्या हरकती आणि सूचना मागवल्या आहेत. मुदत येत्या शुक्रवारी संपते. मुकादमाने अर्ज लिहून ठेवलाय, फक्त सोबत जोडायचा कागद नाही. परवा त्याचा मला फोन आला. “ताई, आबांना इचारायला जीव होईना. कागुद येतोय का, तेवढं सांगा. न्हाई म्हनलात तरी चालंल.”

आणि आज आबांनी विचारलं नाही. मी आल्यापासून वाट बघत होते. मटार सोलून होत आले तरी काही नाही. नणंद आत गेली, तिचे यजमान टरफलं घेऊन गेले. आबांचे हात हल्ली थरथरतात. एक शेंग उघडायला त्यांना चार वेळा प्रयत्न करावा लागतो, आणि दाणे निम्मे भांड्यात, निम्मे गॅलरीत जातात. ते मोत्यासारखं अक्षर आता राहिलेलं नाही. दिवाळीत त्यांनी मला शुभेच्छांचं कार्ड पाठवलं, त्यावरचं माझं नाव मला लागलं नाही. ते पान आता पुन्हा लिहून होणार नाही. जे काही आहे ते माझ्या खणातच आहे.

“आबा,” मी म्हणाले, “आज विचारलं नाहीत.”

“काय?”

“सातवं काम.”

आबांनी खाली सांडलेला एक दाणा उचलला, पुसला, भांड्यात टाकला. “विचारायचं म्हणजे मी आठवण करून देणार. आठवण मी दिली, म्हणून आपण केलंत, तर मग त्या ओळीत माझंही नाव घालावं लागेल. जागा एकाचीच सोडली आहे मी.” मग माझ्या वहीकडे हात पुढे केला. “बघू, आजची नोंद.”

मी वही दिली. सुरुवातीला दिली आहे तीच नोंद. चष्मा कपाळावर सरकवून, कागद डोळ्यांपाशी धरून त्यांनी ती वाचली. ठिकाण, वेळ, कामकाज. खुलाशापाशी हसले. पुन्हा मागे गेले आणि उपस्थितांच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

“ही नणंद, हे तिचे यजमान, हा मी. सगळी कळताहेत,” ते म्हणाले. “पण वहिनी, ही शेवटची ‘मी’ कोण? वाचणाऱ्याला कसं कळायचं?”

घरी येऊन मी उद्याची यादी केली. गॅसचा नंबर लावणे. सरांच्या विमा-कागदाची प्रत. छापखान्याच्या मालकांना फोन, माफीचा, तोही राहिला होता. मुकादमांना कळवणे. त्याआधीचं काम सातवं. पान खणातून आणून टेबलावर ठेवलं आहे, पेनाचं टोपण काढलेलं आहे. ‘वगळणाऱ्याचे नाव’ यापुढची जागा अजून रिकामी आहे.